सहा चमचे आणि दोन शमादानं

बँकेत दोन प्रकारची माणसं येतात. एक ठेवायला येणारी आणि दुसरी न्यायला येणारी. तिसराही एक प्रकार आहे, तो पंख्याखाली बसायला येतो. पण त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसल्यामुळे तूर्त त्याला सोडून देऊ. काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षं काढल्यावर माझं असं पक्कं मत झालं आहे, की जगातले निम्मे तंटे एकाच मुद्द्यावरचे असतात : दिलेली वस्तू ही ठेव होती, कर्ज होतं, की बक्षीस होतं? ठेव असेल तर जशीच्या तशी सांभाळायची. कर्ज असेल तर व्याजासकट फेडायचं. पण बक्षीस असेल तर घेणाऱ्यानं त्याचं काय करायचं? इथे कॉमर्सची पुस्तकं एकदम गप्प होतात. बक्षीसपत्राला स्टँप लागतो एवढं सांगतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

एखादी थोर कादंबरी मागच्या पिढ्यांकडून आपल्या हातात येते, ती या तिन्हींपैकी काय म्हणून येते? प्रश्न कारकुनाला शोभणारा नाही, हे मान्य. तो परिसंवादात शोभतो. तिथे त्याला तीन वक्ते आणि एक अध्यक्ष मिळतो आणि उत्तर मिळायच्या आत जेवणाची वेळ होते. पण मला तो पडला एका बर्लिनच्या नाटकामुळे, आणि ते नाटक मी पाहिलेलंही नाही. (न पाहिलेल्या नाटकाबद्दल लिहिण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पाहणाऱ्यांना बिचाऱ्यांना झोप लागलेली असते.)

माझा भाचा बर्लिनला संगणकाच्या नोकरीत आहे. २०१८ साली एका रविवारी त्याचा फोन आला.

"मामा, काल सात तास नाटक बघितलं."

"कुठलं रे?"

"ले मिझराब्ल. व्हिक्टर ह्यूगोचं."

"त्याला सात तास कशाला? आमच्या शाळेत ते पंचवीस मिनिटांत व्हायचं. बिशप, बिशपची बहीण, मोलकरीण, चोर आणि शेवटी हवालदार. हवालदार खाकी चड्डीतच असायचा."

"मामा, इथे ते सगळे क्यूबात होते."

"कुठे?"

"क्यूबात. हवानाला."

मी त्याला विचारलं, तू नीट जेवतोस ना?

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, पोरगा नीट जेवत होता आणि नाटकही खरंच हवानात होतं. डिसेंबर २०१७मध्ये 'बर्लिनर आँसाम्ब्ल' या नाट्यसंस्थेसाठी फ्रांक कास्टॉर्फ नावाच्या दिग्दर्शकानं ते बसवलं. हा गृहस्थ साधासुधा नाही. बर्लिनमधलंच 'फोल्क्सब्यून' हे दुसरं नाट्यगृह त्यानं १९९२पासून २०१७पर्यंत, पंचवीस वर्षं चालवलं. आमच्याकडे पंचवीस वर्षं झाली की माणसाला भिंतीवरचं घड्याळ देतात. या माणसाला ते दिलं असतं तरी त्यानं त्याकडे पाहिलं नसतं. जाडजूड कादंबऱ्या उचलायच्या, त्यांचे तुकडे करायचे, मध्येच भलत्या लेखकांचे उतारे घुसवायचे, रंगमंच गरगर फिरवायचा, नटांना नेपथ्यातल्या आतल्या खोल्यांत धाडून त्यांच्यामागे कॅमेरेवाले सोडायचे आणि आत काय चाललंय ते प्रेक्षकांना पडद्यावर दाखवायचं, ही त्याची रीत. ह्यूगोच्या पॅरिसमध्ये त्यानं गिलेर्मो काब्रेरा इन्फांते या क्यूबन लेखकाची 'तीन दुःखी वाघ' ही कादंबरी मिसळली. क्रांतीच्या आधीच्या हवानातल्या रात्रीच्या दुनियेची ती कादंबरी. नाव स्पॅनिशमधल्या जीभ वळवणाऱ्या खेळावरून घेतलेलं, आपल्या 'कच्चा पापड पक्का पापड'सारखं. म्हणजे कादंबरी फ्रेंच, नट जर्मन, रात्र क्यूबातली आणि बघणारा डोंबिवलीचा.

सात तासांचं मला विशेष काही वाटलं नाही. आपल्याकडे संगीत नाटकं रात्रभर चालत आणि लोक पहाटे भैरवी ऐकून थेट दुधाच्या रांगेत उभे राहत. फरक एवढाच, की आपल्याकडे वेळ वन्समोअरनं वाढायचा. कास्टॉर्फचा तो मागणी नसतानाही वाढतो.

वाटलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांना. सर निवृत्त प्राध्यापक आहेत. ही बातमी मी त्यांना जिन्यात सांगितली, आणि अशा बातम्या जिन्यात सांगू नयेत. माणूस कठड्याला धरून उभा असतो.

"दरोडा आहे हा!" सर म्हणाले. "ह्यूगोच्या घरावर भरदिवसा घातलेला दरोडा! अहो, ह्यूगोचा आणि क्यूबाचा संबंध काय?"

संबंध आहे, आणि तो मी नंतर शोधून काढला. १८७० साली, कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर आठ वर्षांनी, ह्यूगो स्वतः देशाबाहेर गर्न्सी बेटावर अज्ञातवास भोगत होता, तेव्हा स्पॅनिश राजवटीविरुद्ध झगडणाऱ्या क्यूबाच्या स्त्रियांच्या बाजूनं त्यानं जाहीर पत्र लिहिलं होतं. पण ते जिन्यात माहीत नसल्यामुळे मी नुसतं "हो ना" म्हटलं.

सौ. मात्र गप्प बसली नाही. "सर, ते पुस्तक तुम्ही सगळं वाचलंय?"

आता, 'ले मिझराब्ल'ची ३६५ प्रकरणं आहेत. रोज एक वाचलं तर बरोबर एक वर्ष लागतं आणि लीप वर्षात एक दिवस विश्रांती मिळते. सर सच्चे माणूस. म्हणाले, "वॉटर्लूची एकोणीस प्रकरणं मी गाळली होती. आणि ते गटारांचं."

हे गटारांचं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नायक जाँ व्हालजाँ जखमी मारियुसला खांद्यावर टाकून पॅरिसच्या भुयारी गटारातून पळतो, हा प्रसंग कुणालाही ठाऊक असतो. पण तो गटारात उतरला रे उतरला, की ह्यूगो त्याला तिथेच उभा करतो आणि आपल्याला पॅरिसच्या गटारांचा समग्र इतिहास सांगतो. मैला समुद्रात सोडून फ्रान्स दरवर्षी किती पैसा वाया घालवतो, याचा हिशेबही त्यात आहे. जखमी माणूस खांद्यावरच. तसंच सुरुवातीचं. कादंबरीचा नायक कादंबरीत येण्यापूर्वी चौदा प्रकरणं नुसत्या बिशपवर खर्च झालेली आहेत. ज्या लेखकानं स्वतःच्या गोष्टीत इतकी भलती बिऱ्हाडं घुसवली, त्याच्या घरात आणखी तीन वाघ शिरले तर त्यानं आरडाओरडा केला असता का, हा प्रश्नच आहे.

तर बिशप. त्याची चौदा प्रकरणं इतर वाचकांना कंटाळवाणी वाटतात. मला वाटत नाहीत, कारण त्यात चक्क जमाखर्च छापलेला आहे. बिशपचा सरकारी पगार पंधरा हजार. त्यातले चौदा हजार कुठकुठल्या अनाथालयांना आणि तुरुंगांना जातात त्याची बाबवार यादी, आणि शेवटची ओळ : स्वतःच्या खर्चाला एक हजार. पुढे तो गाडीभत्ता मागतो. गावात कुजबुज होते, की बघा, शेवटी हाही तसलाच. भत्ता मंजूर होतो, तीन हजार. आणि तीनही हजार दवाखान्याला आणि अनाथ मुलांना वाटले जातात. प्रवासभत्त्याचा असा विनियोग मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. आमच्याकडे भत्ता मंजूर होतो तो प्रवास न करणाऱ्याला, हे खरं आहे. पण साम्य तिथेच संपतं.

या माणसाकडे चैनीची म्हणावी अशी एकच चीज : चांदीचे सहा जणांचे काटेचमचे, एक मोठा डाव, आणि आजीच्या बहिणीकडून आलेली, मेणबत्त्या लावायची चांदीची दोन शमादानं.

आणि याच्या दारात येतो जाँ व्हालजाँ. पावासाठी पाच आणि पळून जायच्या प्रयत्नांसाठी चौदा अशी एकोणीस वर्षं तुरुंगात काढून. सुटताना हातात मिळालेली मजुरी एकशे नऊ फ्रँक आणि पंधरा सू. त्याच्या स्वतःच्या हिशेबानं ती एकशे एकाहत्तर व्हायला हवी होती. कपात! पगारपत्रकाकडे बघून 'हे मधले पैसे कुठे गेले' असं ज्यानं कधी विचारलं आहे, त्याला या माणसाबद्दल तिथल्या तिथे आपुलकी वाटते. रात्री पडल्या पडल्या तो आकडेमोड करतो : चमच्यांचे दोनशे फ्रँक तरी सहज येतील. एकोणीस वर्षांच्या घामाच्या जवळजवळ दुप्पट.

तो चमचे घेऊन पळतो, शिपाई त्याला धरून आणतात, आणि बिशप म्हणतो, अहो, मी तुम्हाला शमादानंसुद्धा दिली होती, ती कशी विसरलात?

बँकेच्या भाषेत याला मागील तारखेची नोंद म्हणतात. वाउचर नाही, सही नाही, साक्षीदार नाही, व्यवहार घडून गेल्यावर 'चोरी' हे शीर्षक खोडून तिथे 'बक्षीस'. आमच्याकडे यासाठी चार्जशीट मिळतं. पण बिशप खोटं बोलला का? चमच्यांपुरतं बघाल तर त्याची बाजू भक्कम आहे. सकाळी चोरी उघडकीला आल्यावर तो मोलकरणीला सांगतो, की ती चांदी मुळात गरिबांची होती, मीच ती इतके दिवस दाबून बसलो होतो, आणि तो माणूस गरीबच होता. म्हणजे ठेव होती, ती मालकाकडे परत गेली. लेखापरीक्षक कुरकुर करील, पण मान्य करील.

शमादानांचं काय? ती चोरीला गेलीच नव्हती. ती त्यानं शिपायांच्या देखत, ताकावरून उचलून, स्वतः चोराच्या हातात दिली. तिथे कुठलंही तत्त्व मदतीला येत नाही. चमच्यांचा हिशेब लागतो, शमादानांचा लागत नाही. वर आणखी बिशप त्याला बजावतो, की या पैशातून सज्जन होण्याचं वचन तू मला दिलं आहेस, विसरू नकोस. व्हालजाँ चकित, असं काही वचन दिल्याचं त्याला आठवतच नाही. म्हणजे बक्षीस मागील तारखेचं आणि वचनही मागील तारखेचं.

आमच्या शाळेतलं नाटक नॉर्मन मकिनेल या लेखकाच्या इंग्रजी एकांकिकेवरून होतं आणि ते इथेच संपायचं. चोर शमादानं घेऊन पॅरिसच्या वाटेला लागायचा, मुख्याध्यापक डोळे पुसायचे. ह्यूगोचं मात्र इथे संपत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी या गृहस्थाला माळावर एक लहान पोर भेटतं, त्याचं चाळीस सूचं नाणं घरंगळत येतं, आणि हा त्यावर पाय ठेवून उभा राहतो. पोर रडतं, विनवतं, शेवटी पळून जातं. पिशवीत बिशपची चांदी आणि बुटाखाली पोराचे चाळीस सू! आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच दिवशी खातं थकीत. उपरती होते ती त्यानंतर.

मला विचाराल तर सबंध कादंबरीतली सगळ्यात खरी गोष्ट ही आहे. उदारपणाचा गुण पहिल्या दिवशी येत नाही. तो सर्दीच्या औषधासारखा आहे, आधी नाक जास्त वाहतं. आणि 'मूळ कलाकृतीशी प्रामाणिक' असं म्हणवणाऱ्या, पांढरी दाढी चिकटवलेल्या, खऱ्या मेणबत्त्या लावलेल्या आमच्या शाळेच्या नाटकात नेमकी हीच गोष्ट नव्हती. त्यात चमचे सगळे होते. मोजून सहा.

पुढे व्हालजाँ काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. चमचे तो विकून टाकतो. सरळ विकतो. त्यातून पुढे कारखाना, महापौरपद वगैरे सगळं उभं राहतं. शमादानं तेवढी ठेवतो. ती शेवटपर्यंत त्याच्याजवळ आहेत.

हे वाचल्यापासून मला रूपांतराचा सगळा धंदा निराळा दिसायला लागला आहे. मोठं पुस्तक घेणाऱ्यानं चमचे विकायला हरकत नसावी. वेष विकावा, गाव विकावं, शतक विकावं, वॉटर्लू तर पहिल्या झटक्यात विकावं. शमादानं ठेवली की नाहीत, एवढंच विचारावं.

"आणि मालकाला विचारायला नको?" सर म्हणाले. (आता आम्ही जिन्यातून त्यांच्या दिवाणखान्यात आलो होतो, चहा झाला होता.)

मालकाचं असं आहे, की ह्यूगोसाहेब ऐन उमेदीत बिशप नव्हते. जाव्हेर होते. त्याच्या 'ल्युक्रेस बोर्जिया' नाटकावर दोनिझेत्तीनं केलेली संगीतिका १८४० साली पॅरिसला आली, तेव्हा ह्यूगोनं हक्काचा बडगा उगारला. शेवटी संगीतिकेचं नाव बदललं आणि त्यातल्या इटालियनांचे तुर्क करावे लागले. १८४६ साली व्हेर्दीच्या 'एर्नानी'लाही नाव बदलावं लागलं. १८५७ साली 'रिगोलेत्तो' थांबवायला तो कोर्टात गेला आणि तिथे मात्र हरला. आणि हा तोच ह्यूगो बरं का, ज्याच्या 'एर्नानी' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला, २५ फेब्रुवारी १८३० रोजी, पॅरिसमध्ये राडा झाला होता. कारण काय, तर पहिल्याच दोन ओळींत त्यानं विशेष्य एका ओळीत ठेवलं आणि त्याचं विशेषण दुसऱ्या ओळीत ढकललं. एवढ्यावरून अभिजातवाले शिट्या मारायला लागले आणि ह्यूगोची तरणी पोरं त्यांच्यावर तुटून पडली. त्यातला अठरा वर्षांचा गोतिए लाल जाकीट घालून आला होता. त्या जाकिटाचा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासात आहे. विशेषण खाली गेलं म्हणून हाणामारी करणारे लोक कास्टॉर्फचं नाटक बघते तर त्यांनी रंगमंचासकट स्वतःला फिरवून घेतलं असतं. तात्पर्य, आज सर ज्याला अभिजात म्हणतात तो स्वतः एके काळी प्रायोगिक होता, आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर कुणी सर राहत असतीलच.

म्हातारपणी हाच माणूस पालटला. १८७८ साली पॅरिसमध्ये साहित्यिकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ह्यूगो अध्यक्ष. तिथे त्यानं सांगितलं, की लेखकाचा हक्क आणि समाजाचा हक्क यांतला एकच निवडायचा झाला तर समाजाचा निवडावा. वंशजांना विक्रीतला लहानसा हिस्सा मिळावा, पण पुस्तकाचं पुढे काय व्हावं हे ठरवायचा अधिकार त्यांना नसावा. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्याला बिशप समजला.

वंशजांना समजलं नाही. २००१ साली फ्रांस्वा सेरेझा नावाच्या लेखकानं 'ले मिझराब्ल'च्या पुढच्या गोष्टी लिहिल्या. मूळ पुस्तकात इन्स्पेक्टर जाव्हेर सेन नदीत उडी टाकून मरतो; सेरेझानं त्याला जिवंत बाहेर काढला. ह्यूगोच्या खापरपणतवानं खटला भरला, भरपाई मागितली पावणेसात लाख युरोंच्या वर. २००४ साली वरच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि डिसेंबर २००८मध्ये प्रकरण कायमचं निकालात निघालं, लिहू द्या म्हणून. सात वर्षं खटला, आणि शेवटी हाती काहीच नाही. या वसुलीपुढे आमची शाखासुद्धा बरी.

खुद्द कास्टॉर्फलाही हा अनुभव होता. २०१५ साली म्युनिकला त्यानं ब्रेख्तचं 'बाल' नाटक असंच परक्या उताऱ्यांनी ठासून भरलं. ब्रेख्तच्या वारसांच्या वतीनं प्रकाशक कोर्टात गेला, आणि तडजोड झाली की आणखी फक्त दोन प्रयोग करा आणि बंद करा. आता गंमत बघा. ज्या नाट्यगृहात दोन वर्षांनी कास्टॉर्फनं ह्यूगो केला, ते ब्रेख्तचंच घर. त्याच इमारतीत १९२८ साली ब्रेख्तचा 'थ्री पेनी ऑपेरा' पहिल्यांदा झाला. तो कशावरून? जॉन गेच्या १७२८च्या इंग्रजी नाटकावरून. आणि त्यातली काही पदं फ्रेंच कवी व्हियोंच्या जर्मन भाषांतरावरून उचललेली, अनुवादकाचं नावही न देता. एका समीक्षकानं पकडलं तेव्हा ब्रेख्तनं उत्तर दिलं, की वाङ्मयीन मालमत्तेच्या बाबतीत मी तत्त्वतःच ढिला आहे. अशा ढिल्या माणसाचे वारस इतके घट्ट निघावेत, हा आनुवंशिकतेचा मुद्दा आहे, मी त्यात शिरत नाही.

त्याच नाटकाचा पु.लं.नी १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' केला, हे सांगितल्यावर सर जरा नरम आले. देवलांचं 'संशयकल्लोळ' मोलिएरकडून इंग्रजीमार्गे आलं आहे, आणि साने गुरुजींनी ह्यूगोच्या याच कादंबरीवरून 'दुःखी' लिहिलं, हेही त्यांना ठाऊक होतं. "पण तिथे श्रद्धा होती हो," ते म्हणाले. श्रद्धा होती, बरोबर. चांदी मात्र आपल्या घरात आपल्या पद्धतीनं वितळवून घेतली होती. त्याला आपण दरोडा म्हणत नाही, कारण दागिने आपल्याच अंगावर आहेत.

मी काही वर्षं लॉकर विभागात होतो. त्या थंडगार खोलीत माणसं वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी येतात. डबा उघडतात, चांदीची भांडी कापडातून सोडवतात, बघतात, परत गुंडाळतात, किल्ली फिरवतात, आणि सही करून जातात. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं तेच मी 'क्लासिक'बद्दल बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आहे, सुरक्षित आहे, आपल्या नावावर आहे. त्या चांदीतून कुणी कधी जेवलं आहे का, हे मात्र विचारायचं नाही. लॉकरचा नियमच आहे, आत काय ठेवलंय ते विचारायचं नाही.

आमच्या आईकडे चांदीची दोन ताटं होती. ती माझ्या कॉलेजच्या फीसाठी मोडली. त्या ताटांचं रूपांतर बी. कॉम.मध्ये झालं, मूळ कलाकृती जास्त चकचकीत होती, असं वडील शेवटपर्यंत म्हणत. पण चांदीचं निरांजन आईनं मोडू दिलं नाही. त्या वेळी त्याचेही बरे पैसे आले असते, आणि पैशाची गरज तर होतीच. ते अजून घरात आहे. दर गणपतीत लागतं, त्यामुळे काळं पडलं आहे, एका बाजूला पोचा आहे. लॉकरमध्ये ठेवलं असतं तर लखलखीत राहिलं असतं.

तेव्हा 'ले मिझराब्ल'मधलं हे निरांजन कुठलं, हे शोधायला हवं. माझ्या मते ते कथानक नव्हे. कथानक सोहराब मोदींच्या १९५५च्या 'कुंदन' चित्रपटातही होतं. ते दारिद्र्यही नव्हे. दारिद्र्य रंगमंचावर फार छान दिसतं आणि फाटक्या कपड्यांना उत्तम शिंपी लागतो. मला वाटतं, ते त्या न लागणाऱ्या हिशेबात आहे. कुणीतरी कुणालातरी लायकी नसताना, कारण नसताना, पावती न मागता काहीतरी देतो, आणि घेणाऱ्याची सगळी खातेवही बिघडते. व्हालजाँची बिघडते आणि तो सुधारतो. पुढे हीच वही व्हालजाँ जाव्हेरच्या गळ्यात घालतो. हातात सापडलेल्या जाव्हेरला जिवंत सोडतो. जाव्हेर हा माझ्यासारखा नियमाचा माणूस. येणं आणि देणं यांपलीकडचा रकाना त्याच्याकडे नाही, म्हणून तो नदीत उडी घेतो. आणि जाव्हेरला जिवंत बाहेर काढणाऱ्या सेरेझाबद्दल म्हणूनच माझ्या मनात कोर्टापेक्षा जरा जास्त शंका आहे. लिहिण्याचा हक्क त्याला आहे, जरूर आहे. पण जाव्हेर पोहून बाहेर आला, तर मग शमादानं विकली गेली असं नाही का होत?

कास्टॉर्फनं ती ठेवली की विकली, हे मला कळणार कसं? मी भाच्यालाच विचारलं. टीकाकाराच्या भाषेत नव्हे, मामाच्या भाषेत.

"तुला काय वाटलं ते सांग."

"पहिले तीन तास राग आला. मग भूक लागली. मग काहीच समजेना, पण उठवेना."

"बरं, मग?"

"मग काही नाही. मध्यरात्र उलटून गेली होती. स्टेशनवर एक म्हातारा असतो मामा, कोपऱ्यात झोपलेला. चार वर्षं रोज बघतोय त्याला. काल त्याच्यापाशी थांबलो."

"काही दिलंस?"

"नाही. सुटे नव्हते."

"मग थांबलास कशाला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. थोडा वेळ फोनवर शांतता होती. "मामा, तुझ्याकडे ते पुस्तक आहे का रे? पूर्ण?"

पूर्ण नव्हतं. सरांकडे होतं, ते त्यांनी मला दिलं. वॉटर्लूची पानं अजून करकरीत होती. त्या खेपेला मी ते शेवटपर्यंत वाचलं, गटारांसकट. शेवटी व्हालजाँ मरणाला टेकलेला असतो, आणि मरता मरता तो काय करत असतो? कारखान्यातले काळे मणी कसे बनवायचे, खर्च किती, नफा किती, ते लिहून ठेवत असतो. म्हणजे कोझेतला दिलेला पैसा चोरीचा नाही, घामाचा आहे, हे मागे राहणाऱ्यांना पटावं. कॉमर्सच्या माणसाचे डोळे भरून यावेत असं मरण वाङ्मयात फार थोडं आहे. शमादानांत मेणबत्त्या लावलेल्या असतात. ती शमादानं तो कोझेतच्या नावे करून जातो. कोझेतनं पुढे त्यांचं काय केलं, हे ह्यूगोनं लिहिलेलं नाही. सेरेझानं लिहिलंय का, ते बघायला हवं.